टेकड्यांचे आरक्षण आणि दहा वर्षांची मुदत

पुण्यात टेकडीवर फिरायला जाणाऱ्याला पायाखालची जमीन कोणाची, हा प्रश्न सहसा पडत नाही. वेताळ टेकडीची वाट असो, तळजाईचे पठार असो किंवा वारजे-बावधनकडची ओसाड उतरण असो. गवत तेच, काळा दगड तोच आणि पहाटेचा वाराही तोच. महसुली दप्तरात मात्र या जमिनींचे प्रकार निरनिराळे आहेत. काही जमीन वन विभागाची आहे, काही सरकारी संस्थांच्या ताब्यातील, काही महापालिकेने पूर्वीच संपादित केलेली आणि फार मोठा हिस्सा खासगी मालकीचा. विकास आराखड्याच्या नकाशात हे सारे क्षेत्र हिरव्याच्या कमी-अधिक छटांनी रंगविलेले असते. नकाशा पाहणाऱ्याचा समज असा होतो, की एवढी हिरवाई शहराने आपल्यासाठी राखून ठेवली आहे. खासगी जमिनीपुरते बोलायचे, तर महापालिकेने तेथे आजवर फक्त आपली इच्छा नोंदविली आहे. सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचेच आहे.

हा भेद आता नव्याने लक्षात घ्यावा लागेल, कारण मुदतीचा प्रश्न दाराशी आला आहे. समाविष्ट गावांतील टेकड्यांवर जे 'जैवविविधता उद्यान' अर्थात बीडीपीचे आरक्षण आहे, त्याला राज्य सरकारने २०१५ मध्ये मान्यता दिली. त्या मान्यतेला २०२५ मध्ये दहा वर्षे पूर्ण झाली. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये दहा वर्षांचा हा टप्पा महत्त्वाचा मानलेला आहे. आरक्षण अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर कलम १२७ अन्वये मालकाला संबंधित प्राधिकरणावर सूचना बजावता येते. त्यानंतरच्या ठरावीक मुदतीतही संपादन झाले नाही, किंवा संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते आणि लगतच्या जमिनीला जो वापर अनुज्ञेय असेल तो त्या जमिनीलाही मिळतो. ही मुदत मुळात सहा महिन्यांची होती. पुढे दुरुस्त्या होत होत ती एक वर्षाची आणि २०१५ मध्ये दोन वर्षांची झाली. 'पावले उचलणे' म्हणजे काय, हेही सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्ये स्पष्ट करून ठेवले आहे. सर्वसाधारण सभेने ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांना प्रस्ताव धाडला, एवढ्याने भागत नाही. संपादनाची प्रक्रिया खरोखर सुरू झालेली असावी लागते.

बीडीपीची कथा थोडी मागे जाऊन पाहिली पाहिजे. १९९७ मध्ये पुण्याच्या हद्दीत भोवतालची गावे घेण्यात आली. पुढे काही गावे वगळली गेली आणि २३ गावांचा विकास आराखडा करण्याचे काम महापालिकेकडे आले. जुन्या हद्दीचा आराखडा ५ जानेवारी १९८७ रोजी मंजूर झालेला होता आणि त्यातील डोंगरमाथा-डोंगरउतार विभागात बांधकामाला जवळपास मज्जाव होता. नव्या गावांच्या टेकड्यांनाही तसेच संरक्षण हवे, इतकेच नव्हे तर त्या सार्वजनिक मालकीच्या व्हाव्यात, असा आग्रह शहरातील पर्यावरणप्रेमी संस्थांनी आणि वंदना चव्हाण यांच्यासारख्या लोकप्रतिनिधींनी धरला. त्यातून बीडीपीची कल्पना पुढे आली आणि २००५ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने ती स्वीकारली. एखादी लोकनियुक्त सभा शहराभोवतीच्या हजार हेक्टरांच्या आसपासच्या खासगी टेकड्यांवर उद्यानाचे आरक्षण टाकते, ही घटना साधी नव्हती. बांधकाम व्यवसायाचा महापालिकेवरील प्रभाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तर ती आजही काहीशी आश्चर्याची वाटते.

त्यानंतर मात्र दहा वर्षे हा विषय मुंबईत पडून राहिला. टेकडीवर चार टक्के बांधकामाला परवानगी द्यावी, असा एक पक्ष होता. एक वीटही चढू नये, असा दुसरा. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण चार टक्के घरांना रस्ता शंभर टक्के लागतो, पाण्याची टाकी लागते, विजेचे खांब लागतात आणि सांडपाण्याची वाहिनी उताराने खालीच येते. हा युक्तिवाद अखेर मान्य झाला, बांधकाम नाकारले गेले आणि मोबदला म्हणून जमिनीच्या क्षेत्राच्या आठ टक्के इतका टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, देण्याचे ठरले. टेकडीप्रेमींनी त्या दिवशी समाधान व्यक्त केले आणि ते योग्यही होते. पण त्या निर्णयातच पुढील दहा वर्षांच्या निष्क्रियतेचे बीज होते.

आठ आणि दोनशे

हिशेब अगदी प्राथमिक शाळेतला आहे. सपाट भागात एखाद्याच्या जमिनीवर उद्यानाचे आरक्षण असेल, तर २०१६ च्या टीडीआर नियमांनुसार दाट वस्तीबाहेरील क्षेत्रात त्याला जमिनीच्या दुप्पट विकास हक्क मिळतात. म्हणजे १०० चौरस मीटर जमीन दिली, तर २०० चौरस मीटर. तेवढीच जमीन बीडीपीत असेल, तर मिळतात ८ चौरस मीटर. उद्यान दोन्हीकडे आहे, सार्वजनिक हेतू दोन्हीकडे आहे; मोबदल्यात मात्र पंचवीस पटींचा फरक. डोंगरउतारावरील जमिनीची बांधकामक्षमता मुळातच कमी, त्यामुळे मोबदलाही कमी, हे समर्थन तर्काला धरून आहे. एक पंचमांशाहून अधिक तीव्र उतारावर बांधकाम करता येत नाही, हा नियम राज्यभर लागू आहेच. तथापि, टेकडीचा प्रत्येक सर्व्हे नंबर एवढ्या उताराचा नसतो. माथ्यावरची सपाटी आणि पायथ्याकडची सौम्य चढण यांचा बाजारभाव मालकाला नेमका ठाऊक असतो. स्वेच्छेने आठ टक्के घेऊन तो जमीन का सोडील?

तो सोडत नाही, हेच दिसले. महापालिकेचा ताबा नाही म्हणून मोजणी नाही, मोजणी नाही म्हणून कुंपण नाही आणि कुंपण नाही म्हणून राखणदारही नाही. या मोकळ्या मैदानात दुसरा बाजार उभा राहिला. एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडायचे, मुद्रांकाच्या कागदावर किंवा नोटरीसमोर व्यवहार करायचा, रातोरात मुरूम टाकून रस्ता काढायचा आणि पत्र्याची खोली उभी करायची, ही रीत शहराच्या कडेला राहणाऱ्या कोणालाही परिचयाची आहे. हे तुकडे घेणारा माणूस बहुधा श्रीमंत नसतो. सदनिका परवडत नाही म्हणून आयुष्याची पुंजी घालून तो टेकडीवर चढलेला असतो आणि आरक्षण हा शब्द त्याला पहिल्यांदा ऐकू येतो तो महापालिकेची नोटीस दारावर लागते तेव्हा. तोवर विकणारा पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. कारवाईचा हातोडा कायम दुबळ्याच्या भिंतीवर पडतो, अशी तक्रार होते आणि ती खोटी नाही. परंतु कारवाई न केल्यास पुढच्या पावसाळ्याआधी त्याच उतारावर आणखी पन्नास खोल्या दिसतात, हेही खोटे नाही.

टेकडी फोडली गेली की काय होते, याचा धडा पुण्याला दोनदा मिळाला आहे. जून २०१३ मध्ये कात्रज घाटाजवळ शिंदेवाडी येथे डोंगर तोडल्यामुळे अडलेले पाणी रस्त्यावर लोटले आणि त्यात मायलेकी वाहून गेल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केले, ते सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल परिसरातील रहिवासी विसरलेले नाहीत. शहर आणि परिसरात वीसहून अधिक जणांचा जीव गेला. ओढ्याच्या पात्रातील अतिक्रमणांवर त्यानंतर पुष्कळ लिहिले-बोलले गेले. ओढा ज्या कात्रजच्या डोंगरातून येतो, त्या डोंगराच्या अंगावर काय चालले आहे, याची चर्चा तुलनेने कमी झाली. गवताने धरलेला उतार पाणी थोपवतो आणि मुरवतो. मुरमाचा उघडा उतार तेच पाणी काही मिनिटांत खाली सोडतो. टेकडीच्या आरक्षणाला फिरायला जाणाऱ्यांची हौस समजणाऱ्यांनी आंबिल ओढ्याच्या काठची घरे पाहून यावीत.

पैसा कोठून येणार

महापालिकेची बाजूही ऐकली पाहिजे. संपादन रोखीने करायचे, तर २०१३ च्या केंद्रीय कायद्यानुसार शहरी भागात बाजारमूल्य आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे साधारण दुप्पट मोबदला द्यावा लागतो. हजार हेक्टरांच्या घरात असलेल्या क्षेत्राला ही रक्कम लावली, तर कोणत्याही आयुक्ताचा धीर सुटेल. रस्त्यासारख्या निकडीच्या कामालाही हा पैसा उभा राहत नाही, याचे उदाहरण कात्रज-कोंढवा रस्त्याचे आहे. ८४ मीटर रुंदीचा म्हणून २०१८ मध्ये सुरू केलेला हा रस्ता जागा ताब्यात येईना म्हणून ५० मीटरवर आणावा लागला आणि तेवढ्यासाठीही राज्य सरकारकडे २०० कोटी रुपयांची मागणी करावी लागली. जेथे रोज अपघात होतात त्या रस्त्याची ही गत, तेथे गवताळ टेकडीसाठी तिजोरी कोण उघडणार?

मग टीडीआर वाढवून द्यावा काय? जमीनमालकांची मागणी तीच आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ती तत्त्वतः मान्य करण्यात गैर काही नाही. टेकडीवर बांधकाम देण्यापेक्षा टेकडीच्या बदल्यात अन्यत्र बांधकाम देणे केव्हाही बरे. मात्र एक मेख आहे. टीडीआरला किंमत येते ती बाजारात अतिरिक्त चटई क्षेत्र अन्य मार्गाने सहज मिळत नसेल तेव्हा. २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीने तर अधिमूल्य भरून जादा चटई क्षेत्र घेण्याचे दार चांगलेच रुंद केले. एका खिडकीवर सरकार स्वतः चटई क्षेत्र विकते आणि दुसऱ्या खिडकीवर महापालिका टेकडीवाल्याला त्याच मालाची पावती देते. त्या पावतीला गिऱ्हाईक मिळेल की नाही, हे पहिल्या खिडकीवरच्या भावाने ठरते. बीडीपीच्या टीडीआरला काही प्रमाणात सक्तीचे प्राधान्य दिल्याशिवाय आठाचे सोळा किंवा चाळीस केले, तरी कागदावरचा आकडा तेवढा बदलेल.

टेकडी वाचविण्याची किंमत मोजावीच लागते, हे काही पुण्याचेच दुर्दैव नाही. लंडनच्या उत्तरेकडील हॅम्पस्टेड हीथ हे माळरान आज जगभर नावाजले जाते. तेथील जमीनदाराला त्यावर घरे बांधायची होती. अनेक वर्षे झगडा चालला आणि अखेर १८७१ मध्ये संसदेने कायदा करून ते माळरान सार्वजनिक मालकीचे केले. त्यापोटी जमीनदाराच्या वारसाला ४५ हजार पौंड मोजण्यात आले. दिल्लीने निराळा मार्ग घेतला. तेथील रिज १९९४ मध्ये वन कायद्याखाली राखीव वन म्हणून अधिसूचित झाली; अर्थात ती जमीन मुळातच सरकारी असल्याने ते तुलनेने सोपे होते. आपल्याकडेही जेथे मालकीचा प्रश्न नाही, तेथे काम झाले आहे. वारज्याच्या वन विभागाच्या उजाड टेकडीवर लोकसहभागातून स्मृतिवन उभे राहिले आणि जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नगरवन योजना जाहीर करताना त्याचाच नमुना देशापुढे ठेवला. वारज्याच्याच पलीकडच्या खासगी उतारांवर बीडीपीचे आरक्षण आहे. वारा-पाऊस दोन्हीकडे सारखा. फरक केवळ सातबाऱ्याचा.

स्वतःच्याच आरक्षणावर

महापालिकेला आणि सरकारला या टेकड्यांविषयी किती ममत्व आहे, याची परीक्षा मालकाशी होणाऱ्या वादात होत नाही. ती स्वतःच्या गरजेच्या वेळी होते. कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोची जागा मेट्रोला गेली, तेव्हा तेथे नियोजित असलेली शिवसृष्टी चांदणी चौकातील सुमारे ५० एकर बीडीपी क्षेत्रावर हलविण्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. शिवसृष्टी व्हावी, याला कोणाचा विरोध असणार? पण जागा शोधताना पहिली नजर आरक्षित टेकडीवर गेली, हे बोलके आहे. बालभारती ते पौड फाटा रस्त्याचेही तसेच. वाहतुकीची कोंडी खरी आहे, विधी महाविद्यालय रस्त्यावर रोज संध्याकाळी ती अनुभवता येते. तथापि, तोडगा म्हणून वेताळ टेकडीच्या कुशीतून रस्ता न्यायचा, या विचाराविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. टेकडी फोडून वाचणारी मिनिटे किती आणि त्यासाठी पर्याय कोणते तपासले, हे प्रश्न तेव्हा विचारले गेले. ते गैरलागू नव्हते.

वस्तीतल्या छोट्या मोकळ्या जागांची स्थिती वेगळी नाही. महापालिकेची दोनशेहून अधिक उद्याने आहेत. सारसबाग, पेशवे उद्यान, संभाजी उद्यान ही नावे पुण्याच्या ओळखीचा भाग आहेत आणि त्यांची देखभाल उद्यान विभाग बऱ्यापैकी करतो. तरीही यांतील बरीच नामांकित उद्याने जुन्या मध्य भागातली. उपनगरांतील माणसाच्या वाट्याला येते ती मोठ्या गृहप्रकल्पातून महापालिकेकडे हस्तांतरित होणारी सुविधा जागा. हे सुविधा भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देऊन उत्पन्न मिळवावे, असा प्रस्ताव २०२१ मध्ये पुढे आला आणि त्यावर मोठे वादळ उठले. बंगळुरूमध्ये उद्यानाची जागा खासगी शुश्रूषागृहाला देण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच रद्द ठरविला होता. मोकळी जागा ही रहिवाशांची ठेव असते, असाच त्या निकालाचा रोख आहे. आपल्या नगरपित्यांना तो बहुधा कोणी वाचून दाखविला नसावा.

झाडांच्या कायद्याकडून टेकड्यांनी फारशी अपेक्षा ठेवू नये. १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा २०२१ च्या दुरुस्तीने कडक झाला. ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले. हे सर्व झाडापुरते. पुण्याच्या टेकड्या स्वभावतः गवताच्या आणि खुरट्या झुडपांच्या आहेत. त्या गवतात चंडोल घरटे करतो, पण गवत वाचविणारे कलम त्या कायद्यात नाही. उलट 'हरित' करण्याच्या उत्साहात अनेक टेकड्यांवर गिरिपुष्पाची एकसुरी लागवड झाली, जिच्याखाली दुसरे काही नीट उगवत नाही. वृक्षारोपणाचे छायाचित्र छापून येते, गवत राखल्याचे येत नाही, हाही त्यातला एक भाग असावा.

आता या साऱ्याचा फेरविचार सुरू झाला आहे. बीडीपी आणि डोंगरमाथा-डोंगरउतार विभागांचा अभ्यास करण्यासाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये माजी सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीची नियुक्ती होताच आरक्षण उठणार, अशी भीती एका बाजूने आणि न्याय मिळणार, अशी आशा दुसऱ्या बाजूने व्यक्त झाली. जुन्या हद्दीच्या आराखड्याचा अनुभव पाहता दोन्ही प्रतिक्रिया समजण्याजोग्या आहेत. त्या आराखड्यावर सुमारे ८७ हजार हरकती आल्या, महापालिकेकडून तो काढून घेऊन सरकारने विभागीय आयुक्तांच्या समितीकडे सोपविला आणि २०१७ मध्ये मंजूर झाला, तोपर्यंत आरक्षणांची यादी कितीदा बदलली, याचा माग ठेवणे कार्यकर्त्यांनाही जड गेले.

कोणतीही समिती शिफारशी लिहिण्यापूर्वी एक काम मात्र व्हायला हवे आणि त्यासाठी कायद्यात बदलाची गरज नाही. बीडीपीतील प्रत्येक सर्व्हे नंबरची मोजणी करून सरकारी जमीन किती, मोकळी खासगी जमीन किती, तीव्र उताराची किती, सपाटीची किती आणि बांधकामाखाली गेलेली किती, याचा नकाशा महापालिकेने लोकांसमोर मांडावा. मोकळ्या आणि कमी उताराच्या जमिनी, ज्यांना कलम १२७ चा धोका सर्वाधिक आहे, त्या आधी संपादित कराव्यात. तीव्र उतार काही काळ थांबू शकतात, कारण तेथे उताराचा नियम तरी आडवा येतो. एवढ्या क्रमाने गेले, तरी रक्कम एकदम उभारावी लागत नाही, ती वर्षावर्षाच्या अंदाजपत्रकात मांडता येते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यानंतर दीर्घ काळ अंदाजपत्रक प्रशासकाच्या हाती होते आणि जाब विचारण्यासाठी सभागृहच नव्हते. कलम १२७ ची मुदत त्या काळातही मोजली जात होती. जमीनमालकाची सूचना नगररचना विभागाच्या आवक-जावक नोंदवहीत ज्या दिवशी नोंदली जाते, त्या दिवसापासून हाती चोवीस महिने उरतात.